शेगडीची काजळी

ज्योत निळी आली. तिन्ही नळ्यांवर, एका रांगेत, करंगळीच्या नखाएवढी. गॅस कंपनीच्या जुनेदनं लायटर बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसल्या बसल्या मान तिरकी करून ज्योतीच्या बुडाशी पाहिलं, बटण अर्धं मिटलं, पुन्हा पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "काका, ह्याला काही करायलाच नको. हे होल आधीच पाइपच्या गॅसचं आहे." रतन ओव्हाळ स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. त्याच्या हातात बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा होता, डब्यात कापसावर ठेवलेली बारीक ड्रिलं, हातानं फिरवायची चिमटी, भिंग. सकाळपासून त्यानं ते पुसून तेल लावून ठेवलं होतं. गॅसवाल्यांच्या माणसाला घरच्या बनावटीच्या शेगडीला हात लावायची परवानगी नसते, हे त्याला ठाऊक होतं. तो नाही म्हणेल, मग आपण डबा उघडू आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिन्ही जेटची भोकं हवी तेवढी मोठी करून दाखवू, म्हणजे ह्या लोकांना कळेल छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला हात काय असतो, असा सगळा बेत त्यानं अंथरुणातच रचला होता. आता तो डबा हातात घेऊन उभा होता आणि समोर निळी ज्योत जळत होती.

"म्हणजे?" आम्रपालीनं विचारलं. ती त्याची मुलगी, दोन दिवसांसाठी कोथरूडहून आली होती. रविवारी आईचं वर्षाचं पुण्यानुमोदन होतं, आणि अण्णांनी ह्या वयात सिलिंडर ओढू नयेत म्हणून पाइपच्या गॅसचा अर्ज तिनंच भरला होता. जुनेद चाळिशी उलटलेला, शांत, मोजकं बोलणारा माणूस. त्यानं बोटाच्या टोकानं हवेत एवढंसं माप दाखवलं. "सिलिंडरच्या शेगडीचं होल बारीक असतं, ताई. सुईसारखं. सिलिंडरचा गॅस जड, दाबानं येतो, त्याला बारीकच लागतं. पाइपचा हलका, दाब कमी. म्हणून आम्ही जेट बदलतो. मोठ्या शेगडीचे बदलले आत्ता, बघितले ना. ह्या जाळीच्या शेगडीचे तिन्ही मोठेच आहेत. कोणी काढले?" "अण्णांनी," आम्रपाली म्हणाली, आणि तिच्या आवाजात ते होतं जे लहानपणापासून होतं, शाळेत बाबा काय करतात असं विचारल्यावर असायचं. "सगळी शेगडीच त्यांनी बनवलीय. सत्त्याण्णव साली." जुनेदनं नळीवरून अंगठा फिरवला. वेल्डिंग पाहिलं. "काम भारी आहे," तो म्हणाला. मग थोडं थांबून, काही विशेष नाही अशा सुरात, "पण सिलिंडरवर काळं करत असणार फार. पिवळी ज्योत, धूर. भांडी घासून जीव जात असेल माणसाचा." आम्रपाली हसली. "ते आमच्या आईचं होतं हो. आईच्या हातात गेलं की भांडं काळंच. अण्णा म्हणायचे, आमच्याकडे कोळशाचं इंजिन आहे." जुनेदनं रतनकडे पाहिलं. फार वेळ नाही. एक कारागीर दुसऱ्याच्या कामाकडे पाहतो तेवढाच वेळ. "असेल," तो म्हणाला, आणि पाने पिशवीत टाकले. "कंपनीत विचारलं तर ही शेगडी मी बघितलेली नाही."

जुनेद गेला तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते. आम्रपालीनं तोवर निळ्या ज्योतीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, की अण्णांनी सत्तावीस वर्षांपूर्वीच पाइपच्या गॅसचं होल काढून ठेवलं होतं, गॅसवाले पण चाट पडले. उत्तरं येत होती. अंगठे, हात जोडलेले, कुणाचे तरी "जुनी माणसं ती जुनी माणसं". ती एकेक वाचून दाखवत होती. रतन हो हो म्हणाला, डबा कपाटात वर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन पडला.

एक पॉइंट दोन मिलिमीटर. पाहिजे होतं पॉइंट आठ. आकडा तो विसरला नव्हता. माणूस असल्या गोष्टी विसरत नाही, फक्त ज्या कपाटात त्या ठेवल्यात त्याचं दार उघडत नाही, आणि दार उघडत नाही म्हणून पुढं पुढं तिथं कपाट आहे हेच त्याला दिसेनासं होतं. आज एका परक्या माणसानं कानशिलात मारावी तसं ते उघडलं. सत्त्याण्णवचा मार्च महिना होता. पॉइंट आठचं ड्रिल त्यानं टूलरूममधून जेवणाच्या डब्यात, चटणीच्या पुडीखाली लपवून आणलं होतं. पकडला गेला असता तर नोकरी गेली असती. पहिल्याच जेटला ते मोडलं. दुसरं आणायचं म्हणजे पुन्हा तीच जोखीम, आणि रविवारी अख्खी वस्ती शेगडी बघायला येणार होती, तसं त्यानंच सांगून ठेवलं होतं. घरात होतं ते एक पॉइंट दोनचं. तेच त्यानं लावलं. पितळ मऊ, लोण्यासारखं कापलं गेलं. चालतंय, तो स्वतःशी म्हणाला, हवेची पट्टी थोडी जास्त उघडली की झालं. ज्योत पेटली ती हातभर पिवळी, टोकाला लाल, वर काळी शेपूट. त्यानं पट्टी पूर्ण उघडली. शेपूट थोडी कमी झाली. येरवड्याच्या त्या दोन खोल्यांत रविवारी तीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती, त्याच्या बायकोनं, सुंदरानं, जाळीवर पहिली भाकरी टाकली, फुगली, सगळ्यांनी वा वा केलं. भाकरीच्या पाठीवर काजळीचा हात उमटला होता. सुंदरानं ती उचलली, पदराच्या टोकानं दोनदा झटकली आणि ताटात ठेवली. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्या आलं. नंतर सव्वीस वर्षं ती प्रत्येक भाकरी तशीच पदरावर दोनदा झटकून वाढायची, आणि पाहुण्यांसमोर तो म्हणायचा, बघा, आमच्या मंडळींची सवय, भाकरीला पण झोडून काढतात.

छताचा पंखा फिरत होता. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी टाइल कापत होतं. ह्या घरात दुपारी झोप लागत नाही, हे गेल्या वर्षभरात त्याच्या लक्षात आलं होतं, पण का ते नव्हतं आलं. आत्ता आलं. खर्र खर्र असा एक आवाज असायचा. रविवारी जेवणं झाली, सगळे आडवे झाले, की मोरीतून तो सुरू व्हायचा. आधी राखेचा आणि नारळाच्या काथ्याचा, मग विटकरीचा, अलीकडे तारेच्या घासणीचा. दीड तास, दोन तास. त्या आवाजावर तो झोपायचा. पाळण्यात घातलेल्या पोरासारखा झोपायचा. आणि उठल्यावर चहा मागायचा आणि तिच्या हातांकडे पाहून म्हणायचा, हात तरी धुवून दे.

तिनं विचारलं नव्हतं असं नाही. पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, अहो, ज्योत पिवळी का येते? तो म्हणाला, सिलिंडर खराब आलाय. पुढचाही खराब आला, त्याच्या पुढचाही. मग तो म्हणाला, तू भांडं मधोमध ठेवत नाहीस. मग, तू बटण फार सोडतेस. तिनं बटण कमी करून पाहिलं, भांडं उजवीकडे सरकवून पाहिलं, डावीकडे, खाली वीट लावून वर. रोज काहीतरी करून पाहायची आणि जमलं नाही की गप्प व्हायची, चूक आपलीच आहे आणि ती कुठं आहे तेवढंच आपल्याला सापडत नाही, असा चेहरा करून. तो चेहरा त्याला आत्ता छतावर दिसत होता. आणि दोन हजार चार साली एकदा ती म्हणाली, चांगली धीर करून म्हणाली, की शेजारच्या बाई म्हणत होत्या, जेट बघून घ्या, बोहरी आळीत नवे मिळतात. तो जेवत होता. त्यानं ताट पुढं सारलं. टूलरूममध्ये बत्तीस माणसं आहेत, तो म्हणाला, त्यातला मी एकटा केसाच्या दहाव्या भागाचं काम करतो, साहेब लोक माझ्या टेबलाशी येऊन उभे राहतात, आणि तू मला शेजारणीचं शहाणपण सांगतेस? मग चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी तिनं मटण केलं, आणि मसाल्याचं खोबरं त्याच शेगडीवर भाजलं, मुद्दाम, शेगडीबद्दल आपली तक्रार नाही हे त्याला दिसावं म्हणून. त्यानंतर तिनं जेटचं नाव काढलं नाही. मेली तरी काढलं नाही.

अर्ध्या तासाचं काम होतं. हीच गोष्ट त्याला आता ह्या कुशीवरून त्या कुशीवर करत होती. भोक मोठं झालं तर काय करतात, हे त्याला शिकवायला नको होतं. त्याचा तो रोजचा धंदा होता. आत पितळेची बारीक बुश, नळीचा तुकडा, ठोकायची, घासून सारखी करायची, पुन्हा नीट माप घेऊन ड्रिल मारायचं. कारखान्यात दुसऱ्यांनी वाया घालवलेली असली किती भोकं त्यानं वाचवली होती. घरच्या तीन भोकांना तेवढं करायला त्याला सत्तावीस वर्षांत अर्धा तास मिळाला नाही. कारण दुरुस्त करायचं म्हणजे आधी कबूल करायचं. आणि कबूल करणं ही गोष्ट त्याच्या अंगातून एकोणीसशे ब्याऐंशी सालीच काढून टाकली होती. तेव्हा तो एकवीस-बावीस वर्षांचा, आयटीआय करून पिंपरीच्या कारखान्यात लागलेला. राखीव जागेवर आलेला पहिला टर्नर. दुसऱ्याच आठवड्यात एक जॉब बाद झाला. त्यानं केलेला नव्हता. फोरमननं तो सगळ्यांसमोर टेबलावर आपटला, कुणी केला विचारलं नाही, रतनकडे बघून एवढंच म्हणाला, चला, आता हे असंच चालायचं. कुणी हसलं नाही सुद्धा. हसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी त्यानं ठरवलं, आपल्या हातून चूक होणार नाही, आणि झाली तर ती झाली असं कुणाला कळणार नाही. दुसऱ्याची चूक त्याची एकट्याची असते. आपली चूक म्हणजे अख्ख्या वस्तीची, बापाची, आजाची, ज्यांनी छप्पनला नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्यांची. हे खोटं नव्हतं. कारखान्यात हे अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ज्याला खोटं वाटतं त्यानं त्या टेबलाशी सहा महिने उभं राहून बघावं. पण ते ओझं तो संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरताना तिथंच ठेवत नव्हता. घरी आणायचा. आणि घरात त्याच्या हाताखाली एकच माणूस होतं, त्याच्या डोक्यावर ठेवायचा. फोरमननं त्याच्याशी जे केलं तेच त्यानं सुंदरेशी केलं, फक्त फोरमननं एकदा केलं.

ती बालवाडीत मदतनीस होती. पोरांना खिचडी वाढायची, शी-शू बघायची. तिथल्या ताईंनी एकदा तिला बाजूला घेऊन सांगितलं, सुंदराबाई, नखं स्वच्छ ठेवत जा, पालक बघतात. हे तिनं घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. त्यावर तो काय म्हणाला ते त्याला आठवेना. मग आठवलं. तो म्हणाला होता, बरोबरच आहे त्यांचं. तेव्हापासून ती बाहेर गेली की हात पदराखाली घ्यायची. लग्नाकार्यात, फोटोत. भिंतीवर जो फोटो आता मोठा करून लावलाय, त्यातही हात दिसत नाहीत. फोटोवाल्यानं विचारलं होतं, हात हवेत का, आणि आम्रपाली म्हणाली होती, नकोत, चेहऱ्यावर फोकस ठेवा. ह्या फ्लॅटमध्ये विश्रांतवाडीला आले तेव्हा नव्या पांढऱ्या टाइल्स सहा महिन्यांत वरपर्यंत काळ्या झाल्या. ती स्टुलावर चढून पुसायची. साठीची बाई. खालून तो म्हणायचा, पडशील. एवढंच म्हणायचा. दवाखान्यात तिचे शेवटचे आठ दिवस गेले, डॉक्टरांनी हृदय सांगितलं. धुरानं गेली नाही ती. हे त्यानं आत्ता दोनदा मनात म्हटलं, धुरानं नाही गेली, आणि दुसऱ्यांदा म्हणताना त्याला स्वतःची किळस आली, की इथंही आपण सूट शोधतोय. शेवटची अंघोळ घालून बायका बाहेर आल्या तेव्हा तिची धाकटी बहीण शालन कुणाला तरी सांगत होती, बोटांच्या भेगांतलं काळं न्हाई निघालं, किती घासलं तरी. त्यानं ते ऐकलं आणि फुलं आणायला कुणाला पाठवलंय का असं विचारलं.

संध्याकाळी चहा देताना आम्रपाली म्हणाली, "अण्णा, रविवारी तुम्ही बोलाल ना दोन शब्द? बौद्धाचार्य विचारतील." तो म्हणाला, "बघू." मग म्हणाला, "आमू, ते होल." "हो ना," ती म्हणाली, "सौरभ तर म्हणाला, अण्णांनी पेटंट घ्यायला पाहिजे होतं." आणि तिचा फोन वाजला. सौरभ तिचा नवरा, त्याला रतनविषयी खरोखरच आदर होता. सगळ्यांनाच होता. हेच तर होतं. लोक त्याच्याकडे मान वर करून बघत, वस्तीतल्या पोरांना अजून त्याचं नाव सांगत, बघा ओव्हाळ, एका पिढीत कुठल्या कुठं. आणि आता ह्या नावाला आणखी एक चकाकी आली होती, सुंदरेच्या सव्वीस वर्षांच्या काजळीवर घासून आलेली. तो गप्प बसला तर सुंदरा कायमची वेंधळी राहणार होती, नातवंडांच्या गोष्टींतही, काळी भांडी करणारी आजी. त्यानं ठरवलं, रविवारी सांगायचं. सगळ्यांसमोर. कागदावर लिहून काढलं, दोनदा खोडलं, मग कागद नकोच म्हणाला.

रविवारी सकाळी दिवाणखान्यातलं सामान बाहेर काढून सतरंज्या टाकल्या. तथागतांची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या शेजारी सुंदरेचा फोटो, मेणबत्त्या. चाळीस-एक माणसं आली, निम्मी जिन्यात उभी. शालन वाघोलीहून भल्या सकाळी आली होती आणि थेट स्वयंपाकघरात शिरली होती. भरताची वांगी जाळीवर भाजून झाली होती, आता ती भाकऱ्या थापत होती. तव्यावरून उतरवून जाळीवर टाकायची, भाकरी टम्म फुगायची, खाली निळी ज्योत हलत सुद्धा नव्हती. "दाजी, गुणाची झाली हो शेगडी," ती म्हणाली. "ताई असती तर खुळी झाली असती." तिच्या हाताखालची भाकऱ्यांची चवड त्यानं पाहिली. पांढरीशुभ्र, करपल्याचे तपकिरी ठिपके तेवढे. त्या चवडीकडे त्याला पाहवेना.

वंदना झाली. मग बौद्धाचार्य म्हणाले, कुणाला आठवण सांगायची असेल तर सांगा. बालवाडीच्या ताई बोलल्या. मग शालन पीठाचे हात पुसत उभी राहिली. तिला भाषण येत नव्हतं. "माझी ताई लई गरीब होती," ती म्हणाली. "गरीब म्हंजी स्वभावानं. कुणाला उलटून बोलली न्हाई. एक भांडी तेवढी तिला जमली न्हाईत. आमी लहानपणी आईकडं होतो तवा चुलीवर सुद्दा तिची भांडी लख्ख असायची, आन् हितं गॅसवर काळी. मी म्हनायची, ताई, उलटंच हाय तुझं. दाजी तर काय काय नावं ठेवायचे. पण तिनं कधी मनाला लावून घेतलं न्हाई." सगळे हसले, डोळे पुसत, मायेनं. आम्रपाली पण हसली. आणि रतन उठला.

त्यानं फोटोकडे पाहिलं नाही. "पॉइंट आठचं ड्रिल पाहिजे होतं," तो म्हणाला. "ते मोडलं. मी एक पॉइंट दोनचं मारलं. त्यानं गॅस जास्त येतो. हवा पुरत नाही. त्यानं ज्योत पिवळी येते. सिलिंडर होता तोवर ती पिवळीच येणार होती. ती माझी चूक. त्यात तिची चूक नव्हती." लोक बघत होते. जिन्यातल्यांना ऐकू येत नव्हतं, ते पुढं वाकले. त्यानं आणखी सांगायचा प्रयत्न केला, बुश बसवता आली असती, अर्ध्या तासाचं काम होतं, दोन पॉइंटचा फरक नाही, चारचा होता. त्याच्या तोंडून आकडेच येत होते. माणसासारखं कबूल करायची भाषा त्याला कुणी शिकवलीच नव्हती आणि ह्या वयात, चाळीस माणसांसमोर, ती त्याला सापडेना. खोटं का बोललो, ते त्याच्या जिभेपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. तेवढं एक वाक्य. बाकीचं सगळं त्यानं सांगितलं, जे सांगायला सोपं होतं ते. मग त्याचा आवाज फुटला. बौद्धाचार्यांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा, ओव्हाळसाहेब, बसा. जोडीदार गेला की माणूस स्वतःलाच बोल लावून घेतो. हा प्रेमाचाच भाग आहे." मागं कुणी बाई हुंदका देऊन रडली. आम्रपाली त्याच्या गळ्यात पडली, "अण्णा, नका ना असा त्रास करून घेऊ, तुम्ही काय कमी केलंत तिच्यासाठी," आणि कुणीतरी पाण्याचा पेला आणला. तो पाणी प्यायला. लोकांच्या डोळ्यांत त्याच्याबद्दल जे होतं ते आता दुप्पट झालं होतं, हे त्याला पेल्याच्या काठावरून दिसत होतं. कबुलीसुद्धा त्याच्या नावावर जमा झाली. जेवणाची पानं मांडायला लोक उठले.

तो स्वयंपाकघरात गेला. पाणी ठेवायला म्हणून गेला. शालन एकटी होती, भाकऱ्या टोपलीत लावत होती. तिनं त्याच्याकडे न बघता विचारलं, "दाजी, मघाशी काय म्हनालात ते मला न्हाई कळलं. कसलं ड्रिल?"

"होल मोठं झालं होतं माझ्याकडून," तो म्हणाला. "त्यामुळं धूर यायचा. भांडी त्यामुळं काळी व्हायची."

"ताईमुळं न्हाई?"

"नाही."

तिचे हात थांबले. "तुम्हाला कवापासनं ठावं होतं?"

बाहेर पंगत बसत होती, सतरंजी ओढल्याचा आवाज आला, कुणी मीठ मागितलं. रतनला वाटलं, खोटं बोलायला अजूनही जागा आहे. परवा कळलं म्हणावं, गॅसवाला म्हणाला तेव्हा. ते इतकं सहज ओठांवर आलं की तो घाबरला.

"पहिल्या दिवसापासून."

शालननं त्याच्याकडे पाहिलं. ती ओरडेल, टोपली आदळेल, शिव्या देईल, त्याची तयारी होती. खरं तर त्याला ते हवंच होतं. तिनं तसलं काही केलं नाही. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि तिच्या तोंडावरची ओळख एकेक करून पुसली गेली, दाजी हे नातं, लग्नात दिलेलं लुगडं, चाळीस वर्षांचं येणंजाणं.

"तिला सांगितलं हुतं?"

"नाही."

"दवाखान्यात? आठ दिस उशाशी बसून हुता."

त्यानं मान हलवली.

"मग आता आमाला सांगून काय," ती हळू म्हणाली. "ती मरताना मला म्हनाली, शाले, मला ह्यांच्या मनासारखं भांडं कधी ठेवता आलं न्हाई बघ." तिनं टोपली उचलून कमरेवर घेतली. दाराशी क्षणभर थांबली, वळली मात्र नाही. "बाजूला व्हा. मानसं खोळंबलीत."

तो बाजूला झाला. ती बाहेर गेली. शेगडी चालूच राहिली होती, तिनं बंद केली नव्हती, त्यानंही केली नाही. वाढप सुरू झालं. थोड्या वेळानं एक म्हातारा आवाज, वस्तीतलाच कुणी, घास चावत चावत म्हणाला, "भाकरी लई पांढरी झालीय गं. चुलीवरची का?"

"नाही हो, काका," आम्रपाली म्हणाली. "आमच्या अण्णांच्या शेगडीवरची."